किडनीचा आजार कळल्यापासून डायलिसिस आणि प्रत्यारोपणापर्यंत: काय करायचं, केव्हा आणि कोणत्या क्रमानं

मी बडोद्यात डायलिसिस टेक्निशियन आहे. आमच्याकडे नवा रुग्ण येतो तो बहुतेक वेळा मानेत नळी घेऊनच. रात्री धाप लागली, उलट्या थांबेनात, दवाखान्यात भरती केलं, क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, जो किडनीनं बाहेर टाकायचा असतो) अकरा-बारा निघालं आणि तातडीनं डायलिसिस करावं लागलं. मग घरचे जुनी फाईल उघडतात आणि त्यात दोन-तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट सापडतो: क्रिएटिनिन २.४. 'थोडं वाढलंय, लक्ष ठेवा' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. त्या दोन-तीन वर्षांत करता येण्यासारखं खूप असतं. हा लेख मुख्यतः त्यासाठी लिहिला आहे, आणि ज्यांचं डायलिसिस सुरू झालंय त्यांच्यासाठीही.

आधी किडनीचं काम समजून घ्या

किडन्या पोटात पाठीच्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. प्रत्येक १०-१२ सेंटिमीटर लांब, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा अवयवांकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा जातो, म्हणजे दर मिनिटाला साधारण एक लिटर. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे केशवाहिन्यांचा एक गुंता आणि त्याला जोडलेली लांब नळी. गुंत्यातून दिवसभरात जवळपास १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि नळी त्यातलं ९९ टक्के परत रक्तात घेते. साखर, सोडियम, जे शरीराला हवं ते परत घ्यायचं आणि युरिया, क्रिएटिनिन, जास्तीचं पोटॅशियम, आम्ल बाहेर टाकायचं. उरलेली दीड-दोन लिटर लघवी.

सफाईखेरीजही किडनी बरंच काही करते. एरिथ्रोपोएटिन तयार करते, त्याच्या जोरावर हाडांच्या मगजात लाल पेशी बनतात. ड जीवनसत्त्व वापरण्याजोग्या रूपात आणते. रक्तदाब सांभाळते. म्हणून किडनी थकली की हिमोग्लोबिन उतरतं, हाडं दुखतात, बीपी चढतं. 'एवढं मशीनवर घेतो, तरी रक्तवाढीचं इंजेक्शन कशाला?' असं आमच्याकडचे काका विचारतात. मशीन फक्त सफाई करतं आणि पाणी काढतं. हार्मोन बनवणं त्याच्या हातात नाही. ते इंजेक्शनातून आणि गोळ्यांतूनच द्यावं लागतं.

पहिली पायरी: दोन साध्या तपासण्या

किडनीच्या बहुतेक आजारांत काहीच दुखत नाही. पाठ दुखते म्हणून किडनीची भीती घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे स्नायू दुखत असतात आणि ज्याची किडनी खरंच आकसत असते तो मजेत फिरत असतो. त्यामुळे त्रासाची वाट बघू नका. मधुमेह असेल, बीपी असेल, घरात कुणाला किडनीचा आजार असेल, वारंवार खडे होत असतील, तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून किती प्रथिनं जातात ते यावरून कळतं) तपासा. टाइप २ मधुमेहात निदान झाल्या वर्षापासूनच.

क्रिएटिनिनचा आकडा एकटा वाचू नका. तो स्नायूंतून येतो, म्हणून वय आणि स्त्री-पुरुष हा फरक धरून त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडन्यांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, काढतात. तिशीतल्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.४ असेल तर ईजीएफआर ६९ च्या आसपास येतो. बासष्ट वर्षांच्या बाईचं तेच १.४ असेल तर ४२. रिपोर्टवर दोघांपुढे सारखीच छोटी खूण असते आणि आजीला 'किंचित वाढलंय' म्हणून घरी पाठवलं जातं, तिची निम्म्याहून जास्त ताकद गेलेली असताना. लॅबनं ईजीएफआर छापला नसेल तर मागून घ्या.

ईजीएफआर साठच्या खाली तीन महिने टिकला तर त्याला दीर्घकालीन आजार म्हणतात. एकाच रिपोर्टवर घाबरू नका, पण तीन महिन्यांनी परत तपासायला विसरू नका. लघवीतलं गुणोत्तर ३० च्या आत असायला हवं. ३०० च्या वर गेलं असेल तर ईजीएफआर चांगला दिसत असला तरी किडनी झिजते आहे असं समजा. लघवीला साबणासारखा फेस येऊन तो बराच वेळ टिकत असेल तर ते प्रथिनं जाण्याचं लक्षण असू शकतं. सोबत एक सोनोग्राफी करा. किडन्या आकसून लहान झालेल्या असतील तर आजार जुना आहे.

इथेच एक भेद लक्षात ठेवा. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलं, लेप्टोस्पायरोसिस झाला, साप चावला, वेदनाशामकं जास्त झाली, तर किडनी अचानक बंद पडते आणि बरेचदा काही आठवड्यांत परत चालू होते. अशा रुग्णाला डायलिसिस तात्पुरतं लागतं. 'एकदा मशीनवर घेतलं की सवय लागते' हा समज लोकांच्या मनात फार खोल बसलाय आणि त्यापायी घरचे सही करायला उशीर लावतात. मशीनची सवय लागत नाही. ज्याच्या किडन्या कायमच्या गेलेल्या असतात त्याला ते कायमचं लागतं, एवढंच.

दुसरी पायरी: झीज मंद करा

गेलेले नेफ्रॉन परत येत नाहीत, पण उरलेले पुष्कळ वर्षं टिकवता येतात. बीपी १३०/८० च्या आत ठेवा, आणि ते घरी मोजा. साखर आटोक्यात हवी. लघवीतून प्रथिनं जात असतील तर टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या वर्गातलं औषध बहुधा सुरू करतात. हल्ली डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनही देतात. मधुमेहासाठी निघालेली ही औषधं किडनीची झीज मंद करतात हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालं आहे, मधुमेह नसलेल्यांतही. पहिल्या वर्गातलं औषध सुरू केल्यावर आठ-पंधरा दिवसांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं लागतं. क्रिएटिनिन थोडं वाढतं, तीस टक्क्यांपर्यंत चालतं. ते बघून स्वतःच गोळी बंद करू नका. मात्र जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते विचारा.

गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइडच्या गोळ्या बंद. 'किडनी साफ करणाऱ्या' पुड्या आणि कशापासून बनलंय ते माहीत नसलेली भस्मंही बंद. काहींत पारा आणि शिसं असतं. हे मी तळमळीनं लिहितेय, कारण क्रिएटिनिन तीनवर असताना अशा पुड्या सुरू करून थोड्याच महिन्यांत आमच्या खुर्चीवर आलेली माणसं मी बघितली आहेत.

आता मीठ. दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. आपण बडोदेकर यात फार मागे पडतो. घरची आमटी अळणी करायची आणि रविवारी सकाळी फाफडा, पापडी, सोबत तळलेली मिरची. फाफड्यात मीठ असतंच, शिवाय पापडखार आणि सोडा, आणि या दोन्हींत सोडियमच असतं. जिभेला खारट लागत नाही म्हणून ते मोजलं जात नाही. शेव, गाठिया, लोणचं, पापड, बाहेरची सेव-उसळ, सगळं त्याच खात्यात. सैंधवही शेवटी सोडियम क्लोराइडच. आणि दुकानात 'लो सोडियम' म्हणून मिळतं ते मीठ किडनीच्या रुग्णानं घेऊच नये, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं.

भरपूर पाणी प्या हा सल्ला खडे होणाऱ्यांसाठी आहे. पायावर सूज असेल, लघवी कमी होत असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

तिसरी पायरी: ईजीएफआर तीसच्या खाली गेला की तयारी सुरू

या टप्प्यावर माणसाला तसं बरं वाटत असतं. म्हणूनच घरात विषय निघत नाही. मला विचाराल तर सबंध प्रवासात सगळ्यात मोलाचा काळ हाच, आणि तोच वाया जातो.

नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीतज्ज्ञाकडे, जायला सुरुवात करा. हिपॅटायटिस बीची लस घ्या. किडनीच्या रुग्णांना ती दुप्पट मात्रेत देतात, आणि आजार वाढत जातो तसा तिचा असर कमी होतो, म्हणून लवकर घ्या. हिपॅटायटिस सीवर लस नाही.

आणि डाव्या हाताच्या शिरा जपा. डावखुरे असाल तर उजव्या. रक्त काढायचं, सलाईन लावायचं ते दुसऱ्या हाताच्या पंजावर. दवाखान्यात नर्सताईंना स्वतःहून सांगा, 'या हाताला सुई लावू नका, फिस्टुला करायचाय.' त्या ऐकतात.

फिस्टुला का लागतो? मशीनला दर मिनिटाला २५० ते ३५० मिलिलिटर रक्त हवं असतं. साधी शीर एवढं देऊ शकत नाही आणि धमनी खोल असते, तिला रोज टोचता येत नाही. म्हणून मनगटाशी किंवा कोपराशी छोट्या शस्त्रक्रियेनं धमनी शिरेला जोडतात. धमनीच्या दाबानं शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि मग ती वर्षानुवर्षं सुया सोसते. न्यूयॉर्कमध्ये ब्रेशिया आणि सिमिनो यांनी १९६६ साली ही पद्धत प्रसिद्ध केली, आजही तिच्याहून सरस काही नाही. पण शीर तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणून ती गरजेच्या आधी करायची. नाहीतर मानेतली नळी वाट्याला येते, आणि नळी म्हणजे थेट हृदयाजवळ जंतूंना वाट. थंडी वाजून ताप आला की आमच्या पोटात गोळा येतो.

चांगल्या फिस्टुल्यावर बोटं टेकवली की त्वचेखाली सतत एक थरथर लागते, मांजराच्या अंगावर हात ठेवल्यासारखी. कान लावला तर झूं-झूं असा आवाज, प्रत्येक ठोक्याला चढणारा. रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी ही थरथर बघायची. ती थांबली तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी काही तासांत दवाखाना गाठा. गुठळी ताजी असेल तर शीर वाचू शकते. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, घट्ट बांगड्या-घड्याळ नाही, भाजीची जड पिशवी नाही, त्या हातावर डोकं ठेवून झोपणं नाही. उत्तरायणला त्या हातानं पतंग तर नकोच, मांज्यानं शीर कापली तर रक्त धोधो वाहतं. कधी रक्त आलंच तर फडकी गुंडाळत बसू नका. नेमक्या जागेवर बोटानं दाबा, हात वर धरा आणि निघा.

डायलिसिस सुरू केव्हा करायचं

फक्त आकडा बघून नाही. ईजीएफआर दहाच्या खाली आला आणि जेवण जाईनासं झालं, सकाळी मळमळ, अंगाला खाज, उचक्या, रात्री आडवं झाल्यावर धाप, गुंगी, यांतलं काही दिसायला लागलं की डॉक्टर सुरू करायला सांगतात. औषधांना न जुमानणारी फुफ्फुसातली सूज किंवा वाढलेलं पोटॅशियम असेल तर त्याच दिवशी.

मशीनवरचे चार तास

आल्याबरोबर वजन. तुमचं 'ड्राय वेट', म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन, ठरलेलं असतं. त्यापेक्षा जितकं जास्त भरलं तितकं पाणी काढायचं. फिस्टुल्यात दोन सुया, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून परत. मधे डायलायझर, हजारो बारीक पोकळ तंतूंची नळी. तंतूंच्या आतून रक्त वाहतं, बाहेरून उलट दिशेनं डायलिसिसचं द्रावण. युरिया, पोटॅशियम जास्तीकडून कमीकडे सरकतात. द्रावण मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर, म्हणजे चार तासांत १२० लिटर. एवढं पाणी तुमच्या रक्ताच्या इतक्या जवळून जातं, म्हणून सेंटर निवडताना खुर्च्या आणि एसी बघण्याआधी आरओ प्लांटची तपासणी किती दिवसांनी होते ते विचारा. हिपॅटायटिस बीच्या रुग्णांचं मशीन वेगळं आहे ना, तेही. असं विचारलेलं आम्हाला आवडतं.

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, हे योग्य. खर्चापायी पुष्कळ जण दोनदाच करतात. नाइलाज असेल तर पाणी-मिठाचं पथ्य दुप्पट काटेकोर हवं.

वजनाचा हिशेब समजून घ्या. साठ किलोच्या माणसाचं ताशी पाऊण लिटरपेक्षा जास्त पाणी ओढलं तर हृदयावर ताण येतो. चार तासांत तीन लिटर ही वरची हद्द. चार किलो वाढवून आलात तर पायात गोळे येणार, बीपी पडणार, आणि काही पाणी अंगातच राहणार. तहान मिठानं लागते, तेव्हा पाणी कमी करण्याचा रस्ताही मिठातूनच जातो. डायलिसिसच्या सकाळी बीपीची गोळी घ्यायची की नाही, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

चुकवायची एकही पाळी नाही, आणि दोन दिवसांच्या सुट्टीनंतरची तर मुळीच नाही. पोटॅशियमनं हृदय थांबण्याचा धोका तेव्हाच सर्वांत जास्त असतो. दर उत्तरायणला हीच चिंता. गच्चीवर सगळे जमलेले, पाळी 'उद्यावर', आणि ताटात उंधियू: बटाटा, रताळं, कंद, कच्चं केळ, सगळं पोटॅशियमनं भरलेलं.

खाणं बदलतं, आणि एका बाबतीत उलटं होतं

डायलिसिसच्या आधी प्रथिनं बेतानं घ्यायची, वजनाच्या दर किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की ती १ ते १.२ ग्रॅमवर न्यायची, कारण मशीनमधूनही काही प्रथिनं जातात. घरोघरी जुनंच पथ्य चालू राहतं, वरण बंद ते बंदच, आणि दंड सुकत जातात. अंड्याचा पांढरा भाग, मोजकं पनीर, मूगडाळ, चालत असेल तर मासे, हे आहारतज्ज्ञांना विचारून वाढवा.

भाज्या बारीक चिरून कोमट पाण्यात तास-दोन तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात उकडा आणि तेही फेका. पोटॅशियम बरंच उतरतं. नारळपाणी, संत्र्याचा रस, सुका मेवा नको. सफरचंद, पेरू, पपईची एखादी फोड चालते. खंडेराव मार्केटात हंगामात कमरख (स्टारफ्रूट) मिळतं, ते मात्र जिभेलाही लावू नका. त्यातलं विष निरोगी माणसाची किडनी बाहेर टाकते. किडनीच्या रुग्णाला त्यानं न थांबणाऱ्या उचक्या, झटके आणि मृत्यूही येऊ शकतो. जेवणातला फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी जेवणाच्या घासांबरोबर घ्यायची. तासाभरानं घेतली तर वाया.

पोटाचं डायलिसिस

पोटात बेंबीशेजारी मऊ नळी बसवतात. दोन लिटर द्रावण आत सोडायचं, चार-सहा तास ठेवायचं, काढून टाकायचं, दिवसातून तीन-चार वेळा. घरी होतं, सुया नाहीत, खाण्यात सूट जास्त. हृदय कमजोर असलेल्यांना आणि सेंटरपासून लांब, डभोई-छोटाउदेपूरकडे राहणाऱ्यांना याचा विचार जरूर करायला सांगेन. अट एकच, हात धुण्यात आणि स्वच्छतेत तडजोड नाही. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं की पिशवी घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात.

प्रत्यारोपण

शरीर चालत असेल तर सर्वांत चांगला उपचार हाच. डायलिसिस सुरू होण्याआधीही करता येतो, आणि तसा झाला तर आणखी चांगला. म्हणून घरातली बोलणी तिसऱ्या पायरीवरच व्हायला हवीत. १९९४ चा कायदा आणि २०११ ची दुरुस्ती यांनुसार आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आजी-आजोबा आणि नातवंडं हे जवळचे नातेवाईक. बाकी कुणी देणार असेल तर प्राधिकार समितीची परवानगी लागते. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत दात्यांची अदलाबदल कायद्यानं चालते. जुन्या किडन्या बहुधा तशाच ठेवतात, नवी ओटीपोटात एका बाजूला बसवतात.

एक गोष्ट मनापासून सांगते. आपल्या देशात किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. काकू 'माझी घ्या' म्हणाल्या की घर सुटकेचा श्वास सोडतं. दात्याशी डॉक्टर एकांतात बोलतात, तेव्हा त्यांना मोकळेपणानं नाही म्हणता येईल अशी हवा घरात ठेवा. आणि सून किंवा मुलगी आजारी असेल तर तिच्यासाठीही भावांनी, नवऱ्यानं तपासून घ्यावं.

आपल्याला दोन मोठ्या संस्था जवळ आहेत. नडियादचं मूळजीभाई पटेल हॉस्पिटल १९७८ पासून आहे. अहमदाबादच्या सिव्हिल आवारातली किडनी इन्स्टिट्यूट डॉ. हरगोविंद त्रिवेदींनी उभी केली. त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. मरणोत्तर दानातून किडनी हवी असेल तर प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयातून प्रतीक्षायादीत नाव घालावं लागतं. ते लगेच घाला.

नंतर, शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून, टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड, नवी किडनी चालेल तोवर, घड्याळाच्या काट्यावर. टॅक्रोलिमसची पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. पपनस आणि ग्रेपफ्रूट नको, त्यानं औषधाची पातळी चढते.

सगळ्यांनाच मशीन किंवा प्रत्यारोपण झेपतं असंही नाही. ऐंशीच्या पुढचं वय, हृदय थकलेलं, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर डायलिसिस न करता धाप, खाज, मळमळ यांवर औषधं देऊन घरी सांभाळणं हाही उपचारच आहे. आजोबा शुद्धीवर असताना त्यांनाच विचारा.

पैसा आणि कागद

आयुष्मान कार्डावर डायलिसिस होतं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट नाही. २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत केंद्रं निघाली, सयाजी हॉस्पिटलमध्येही चौकशी करा. कार्ड नसेल तर ईजीएफआर वीसवर यायच्या आधी काढून ठेवा, दवाखान्यात भरती असताना ती धावपळ होत नाही.

पुण्या-मुंबईला लग्नाला जायचं असेल तर खुशाल जा, आधी तिथल्या सेंटरला फोन करून पाळी ठरवा. सोबत शेवटच्या तीन डायलिसिसच्या नोंदी, ड्राय वेट, हेपॅरिनची (मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाची) मात्रा, डायलायझरचा प्रकार, आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सीचे ताजे रिपोर्ट ठेवा. हे रिपोर्ट नसतील तर कुठलंही चांगलं सेंटर मशीन देणार नाही. आमच्याकडे आदल्या आठवड्यात मागितलेत तर आम्ही सगळं एका कागदावर लिहून, शिक्का मारून देतो.